ईश्वरदासकाकांचा पळता ठेका

आमच्या मुर्री गावात ईश्वरदासकाकांना ओळखत नाही असा माणूस नाही, आणि त्यांच्या ढोलकीमागे धावून दमला नाही असा दंडारीतला, म्हणजे आमच्याकडच्या नाच-गाण्याच्या खेळातला, नाचा नाही. काकांचं वय त्रेसष्ट. सकाळी गोंदियाच्या बाजारात लसूण-कांद्याचं दुकान, पावसाळ्यात धानाची शेती, आणि दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे गावजत्रा, भरली की तिथल्या दंडारीत ढोलकी. पहिलं पोटासाठी, दुसरं सवयीनं. तिसऱ्याचं कारण विचारलं की काका चिडतात.

पंधराव्या वर्षी ते मुन्नालाल नावाच्या म्हाताऱ्या ढोलकीवाल्याकडे शिकायला बसले. मुन्नालालनं दोन वर्षं डाव्या हाताशिवाय काही वाजवूच दिलं नाही. तेव्हापासून तो हात कधी रिकामा राहिला नाही. बसची सीट, तेलाचा डबा, पंगतीत पत्रावळीशेजारची जमीन, काहीही चालतं. स्वतःच्या लग्नात अंतरपाटाआड ते मांडीवर ठेका धरून होते, असं त्यांच्या घरच्या धुरपताबाई, म्हणजे आमच्या काकू, आजही सांगतात. कौतुकानं नव्हे.

प्रगतीचा वेग साधारण दहा वर्षांना एक गोष्ट. पंचविशीत बोटं सुटी झाली. पस्तिशीत उजव्या हाताची थाप खणखणीत वाजायला लागली. चाळिशीनंतर काकांनी घिस्सा मनावर घेतला, म्हणजे डाव्या बाजूच्या कातड्यावर मनगट घासून काढायचा घुमारा. पहिली सात वर्षं तो ऐकून काकू विचारायच्या, "का जी, रेडकू बांधलं का घरात?" आठव्या वर्षी एका सकाळी तो असा भरून, गोल निघाला की काकू चुलीजवळून उठून दारात आल्या. काकांनी तेच प्रमाणपत्र समजलं.

मग मागच्या मंडईनंतर नातीनं घोळ घातला. भूमिका गोंदियाला कॉलेजात आहे. तिनं आमच्या दंडारीचा व्हिडिओ काढला होता. मोबाइल पुढे करून म्हणाली, "आजोबा, गणाचं पहिलं कडवं चाळीस सेकंद, शेवटचं बावीस. तुमी पळता."

"मी नाही पळत. नाचे मागं राहतात."

काका काकूंकडे वळले. "तुलेही असंच वाटते का?"

"वाटते काय? चाळीस वर्षांपासून पाहून राहिली."

"मंग सांगतलं काऊन नाही?"

"कायले सांगू? दंडार लवकर सरते. घरी पाहुण्यांचं रांधणं राहते."

खरं तर बाहेरगावची माणसं आमच्या दंडारीला 'सुपरफास्ट' म्हणायची, आणि आम्ही सगळे त्याला शाबासकी समजत होतो.

मंडळाचे अध्यक्ष शालीकराम यांना निमित्तच हवं होतं. त्यांचा पुतण्या उमेंद्र नवा ऑक्टोपॅड घेऊन बसला होता. व्हिडिओ पाहून ते काकांना म्हणाले, "भाऊ, मशीन पळत नाही. यंदाच्या मंडईत गण तुमी वाजवा. पळाला, तर पुढचं सारं उमेंद्र वाजवन. अन् मंग दरसाल तोच."

अठ्ठेचाळीस वर्षांची बैठक एका गणावर आली.

भूमिकानं मोबाइलवर टिकटिक लावून दिली. काकांनी पाच मिनिटं वाजवलं आणि मोबाइलकडे रागानं पाहिलं. "हा मागं पडून राहिला." मोबाइल बदलला, तोही मागं पडला. शेवटी अंगणात काकू तांदूळ पाखडत होत्या, तिथं त्यांचं लक्ष गेलं. सुपाचा हात ना पळत होता, ना रेंगाळत होता. काकांनी ढोलकी तिकडे ओढली. जुलैपासून दिवाळीपर्यंत रोज सकाळी, दुकान उघडायच्या आधी, दोघं समोरासमोर. तांदूळ संपले की काकू तेच पुन्हा पाखडायला घेत. इतका साफ भात जिल्ह्यात कोणी खाल्ला नसेल. काका जरा पुढे सरकले की काकू सूप न थांबवता विचारत, "कोठं चालले जी?"

मंडईच्या दिवशी भर दुपारी मैदान भरलं. काकांनी गण धरला. पहिलं कडवं जागच्या जागी, दुसरंही. तिसऱ्याला नाचेच पळाले. त्यांचा दोष काय? काकांनीच त्यांना लहानपणापासून तिसऱ्या कडव्याला धावायला शिकवलं होतं. पाय पुढे, ढोलकी मागे, टाळवाले मधेच. उमेंद्रनं ऑक्टोपॅडचं कव्हर काढलं.

काका हट्टानं आपल्या लयीत बसून राहिले असते तर बरोबर ठरले असते आणि दंडार मोडली असती. त्यांनी तसं केलं नाही. आपली लय सोडून ते नाच्यांपर्यंत गेले, त्यांच्या पायांना गाठलं, आणि मग दर फेरीला केसभर मागे ओढत साऱ्या रांगेला चालत परत आणलं. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. दहा वर्षांचा हिशेब मोडून ते त्याच पाच मिनिटांत शिकले. शेवटच्या कडव्यापर्यंत पोरांचा श्वास शाबूत होता, त्यामुळे त्याचे शब्द गावाला पहिल्यांदाच ऐकू आले. त्यात आमच्या तलावाचं नाव आहे, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

गण संपल्यावर शालीकराम ढोलकीजवळ आले. पुढची गवळण कोण वाजवणार, हे त्यांनी विचारलंच नाही.

"सोमवारी बाहेरगावची मंडई हाय, भाऊ. दहाले गाडी येते."

"अन् उमेंद्र?"

"त्याले झांज देऊ."

काकांनी ढोलकीची दोरी ताणत मान हलवली. "झांज नको देऊ. पोट्टा पळवते."