डावी पिन सहा मिलिमीटरनं लांब

त्या मंगळवारी माझ्या यादीत तिसरं काम होतं, ‘सदादादाला फोन करणे.’ त्याच्या नातवाच्या बारशाला किती माणसं येणार, एवढंच विचारायचं होतं. साडेदहापर्यंत पहिली दोन कामं उरकून मी फोन हातात घेतला, तोच तो वाजला. पलीकडे मंगलवहिनी, सदादादाची बायको. ‘वन्सं, ह्यांनी सोडलं आमाला,’ एवढंच त्या बोलल्या. सकाळी चहा घेऊन शेडमध्ये गेला, स्टुलावर बसला आणि बसल्या जागी... ‘निघालेच’ म्हणून मी फोन ठेवला, पेन उचललं आणि तिसऱ्या कामापुढं बरोबरची खूण केली. फोन झाला होता ना. बॅग घेताना ती खूण दिसली, तेव्हा कुठं मी खाली बसले. ‘वैशी माझ्या मयतीची पण यादी करील,’ हे त्याचं ठरलेलं वाक्य. केली. गावाकडं निरोप, भटजी, पावण्यांचा चहा, सगळं मीच बघितलं. आज जे मला ठाऊक आहे ते त्या दिवशी ठाऊक असतं, तर ती यादी मी केली असती का?

सदाशिव माझा मावसभाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. आम्ही दोघं चंदगडकडचे. लहानपणी घाट चढणाऱ्या एसटीचा नुसता आवाज ऐकून तो सांगायचा, आज ड्रायव्हर नवा आहे, गिअर उशिरा टाकतोय. कोल्हापुरात तो पत्रा ठोकायच्या कामाला आला आणि बारा-तेरा वर्षांत शिरोली एमआयडीसीत त्याची स्वतःची शेड झाली. उसाच्या ट्रॉल्या, फाउंड्रीची धुराडी, दुधाच्या टाक्या, कुणाला काही वेगळं बनवून हवं असेल तर लोक त्याच्याकडं यायचे. मी डिप्लोमा करून त्याच्या हाताखाली ड्रॉइंग आणि मापं बघायला लागले. हाताखाली म्हणायचं एवढंच. मी कागद पसरला की तो म्हणायचा, ‘कागूद नगं, हातानं दाव.’ मी हवेत हात फिरवून दाखवायची आणि तो वाळू भरलेल्या चामडी पिशवीवर ॲल्युमिनियमचा पत्रा ठेवून लाकडी हातोडीनं तोच आकार ठोकून काढायचा. तासाभरानं पत्र्यावरून हात फिरवला तर कुठं उंचवटा लागायचा नाही. मी पट्टी लावायची, तो हसायचा. ‘लाव, लाव. पट्टीला पण कळू दे.’

गाडीचं वेड त्याचं, पण वाढवलं मी, हे मान्य करते. महामार्गावर ठोकरलेल्या एका परदेशी गाडीचं इंजिन भंगारात आलं होतं. ‘ह्याच्याभवती आपली गाडी बांधायची, वैशे. दोन शिटाची. अशी पळली पायजे की पुण्याच्या लोकांनी इच्यारलं पायजे, कुठली हाय म्हणून.’ मी त्याच रविवारी यादी केली. एकशे चाळीस कामं निघाली. पुढची सहा वर्षं आमचा प्रत्येक रविवार त्या शेडमध्ये गेला. माझा नवरा म्हणायचा, तुला माहेरं दोन आहेत, एक चंदगडला आणि एक शिरोलीत.

कामाची पद्धत मी घालून दिली. दर रविवारी जुन्या कॅलेंडरच्या पानामागं यादी लिहायची. काम झालं की ज्यानं केलं त्यानंच त्यापुढं बरोबरची खूण करायची, दुसऱ्यानं नाही. राहिलेलं काम पुढच्या यादीत सगळ्यात वर उतरवायचं. सदा आधी चेष्टा करायचा, ‘यादीत न्हाय म्हणून वैशी शिंक दाबून धरती,’ मग हळूहळू स्वतःच लिहायला लागला. मोठं, तिरकं, पेन्सिलीनं. त्याला यादी करायला मी शिकवलं, ह्याचा मला अभिमान होता.

आता एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. गाडीचा सांगाडा पोलादी नळ्यांचा. नळ्या जोडताना हलू नयेत म्हणून त्या एका सपाट बिडाच्या टेबलावर पिना लावून धरायच्या असतात. टेबल आम्ही एका फाउंड्रीतून मागून आणलं होतं आणि ते डाव्या अंगाला सहा मिलिमीटर खाली होतं. उचलून सपाट करायला क्रेन लागली असती. म्हणून मी मागची चाकं बसतात तिथल्या नळ्या धरायच्या दोन पिना मुद्दाम असमान बनवून घेतल्या, डावी पिन सहा मिलिमीटरनं लांब. एकीवर ‘डा’ आणि दुसरीवर ‘उ’ असं पंचानं ठोकून घेतलं. सदाला दहा वेळा सांगितलं, ह्यांना हात लावायचा नाही.

मागचा भाग जोडायच्या आधी खंडेनवमी आली. त्या दिवशी मी घरच्यांबरोबर नृसिंहवाडीला गेले होते. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये आले तर पाटावर हातोड्या, पकडी, वेल्डिंगचा होल्डर, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडू. आणि मधोमध माझ्या दोन पिना, पॉलिश पेपरनं घासून चांदीसारख्या केलेल्या. अक्षरं पार पुसली गेलेली. मी ओरडले. तो म्हणाला, ‘अगं, हत्यार हाय त्ये. देवाम्होरं गंजकं ठेवायचं व्हय?’ मी म्हटलं, ‘परत लावताना मोजून लाव.’ ‘व्हय की. मी काय आजचाय?’ आणि संध्याकाळी यादीत त्या कामापुढं त्याची खूण होती. खूण होती, म्हणून मी मोजलं नाही. माझाच नियम.

सांगाडा उतरला, टेबल परत गेलं आणि महिन्याभरात फाउंड्रीनं ते भट्टीत वितळवलं. पिना त्याच्याबरोबरच गेल्या, असं सदा म्हणाला. चाकं बसवताना एका बाजूला जास्त वॉशर लागले. मी विचारलं तर म्हणाला, ‘हातानं केल्याली गाडी हाय, बाई. हितं-तितं व्हायचंच.’ वर्षभरानं गाडी उभी राहिली. लांब, बुटकी, पत्र्यावर रंग नाही, नुसती चमक. एका बंद कारखान्यामागच्या सरळ रस्त्यावर रविवारी सकाळी चाचणी ठरली. दुसरी सीट माझी, हे सहा वर्षांपूर्वीच ठरलेलं. मी ओढणी घट्ट बांधून तयार होते. आयत्या वेळी तो म्हणाला, ‘तू नगं. खाली थांब, टाइम ल्ही.’ मी म्हटलं, ‘दादा, माझी सीट आहे ती.’ ‘सांगतोय न्हवं? उतर.’ मी इतकी दुखावले की घड्याळाचं बटण दाबायला उशीर झाला. गाडी गेली... काय गेली! आणि शेवटी ब्रेक लागल्याबरोबर मागून फिरली आणि कुंपणाच्या भिंतीवर आदळली. सदाचं उजवं मनगट तीन ठिकाणी मोडलं.

तो दवाखान्यात असताना मी सांगाडा मोजला. मागच्या दोन बाजूंत बारा मिलिमीटरचा फरक. बारा म्हणजे सहाच्या दुप्पट. भर उलट्या बाजूला पडली होती, हे कुठल्याही ड्रॉइंगवाल्याला कळेल. मी त्याच्या कॉटशेजारी वही उघडून बसले आणि विचारलं, ‘पिना मोजून लावल्या होत्यास ना?’ त्यानं छताकडं बघितलं. मग म्हणाला, ‘लावल्या की. तूच टेबल मोजताना फुडनं हुबी व्हतीस, वैशे. तुजी डावी ती डायव्हरची उजवी.’ मी आठवायचा प्रयत्न केला. कुठल्या बाजूनं उभी होते मी? टेबल वितळलं होतं, विचारायचं कुणाला? मी रडायला लागले, तर त्यानं डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला. ‘चुकतं माणूस. मनाला लावून घिऊ नगंस.’

त्यानं मला माफ केलं होतं!

त्या हातानं पुन्हा कधी पत्रा नीट ठोकला नाही. हातोडी धरली की दोन ठोक्यांनंतर थरथरायचा. महिनाभर मी त्याच्या घरी डबा नेला. मग शेड सोडली आणि दुसऱ्या एका कारखान्यात नियोजनाचं काम धरलं. तिथं मापं नाहीत, नुसत्या तारखा. ड्रॉइंग बोर्ड माळ्यावर टाकला. घरातला पडदा शिवायलासुद्धा मी टेप तीनदा लावायची आणि चौथ्यांदा नवऱ्याला लावायला सांगायची. साधा कपाटाचा खण मोजताना हाताला घाम यायचा. त्यानंतरच्या चार भाऊबीजांना सदा माझ्याकडं आला, पाटावर बसला, ओवाळून घेतलं, बासुंदी दोनदा मागून घेतली. एकदा जाताना चपला घालून दारात बराच वेळ उभा राहिला. ‘काय रे?’ म्हटलं. ‘काय न्हाय. बासुंदी ब्येस झालती.’

दहावं-बारावं झाल्यावर वहिनींनी मला शेड आवरायला बोलावलं. मी एका टोकापासून सुरुवात केली. तिसऱ्या खणात सुताच्या कापडात गुंडाळलेल्या दोन पिना निघाल्या. कापडाला कुंकू लागलेलं. पिनांवर नव्यानं ठोकलेली अक्षरं होती, ‘डा’ आणि ‘उ’. मोजल्या. फरक सहा. त्यांच्याखाली कॅलेंडरच्या पानांचं पुडकं होतं, त्याच्या रविवारच्या याद्या, तारखेनं लावलेल्या. मी शिकवल्याप्रमाणं. चाचणीच्या दिवशीची यादी काढली, ती त्यानं मला कधी दाखवली नव्हती. त्यावर दोनच कामं. ‘१. पिना उलट्या बसल्या, वैशीला सांगणे. २. ट्रायल.’ दुसऱ्यापुढं खूण. पहिल्यापुढं काही नाही.

म्हणजे टेबल परत पाठवण्याआधी पिना काढताना त्याला कळलं असणार. सांगितलं असतं तर सांगाडा कापावा लागला असता, वर्ष गेलं असतं. मला सीटवरून का उतरवलं तेही कळलं. जीव वाचवला माझा. तेवढं केलं. आणि नंतर पांढऱ्या चादरीवर पडून माझी वही माझ्यावरच उलटवली.

पुढच्या यादीत ते काम सगळ्यात वर उतरवलेलं होतं. त्याच्या पुढच्याही. अक्षर आधी डाव्या हाताचं, वेडंवाकडं, मग मोडक्या हाताचं, पण काम तेच, ‘वैशीला सांगणे.’ मी सगळ्या मोजल्या. एकशे एकोणनव्वद याद्या. चारही भाऊबीजांच्या आठवड्यातल्या धरून.

वहिनी शेजारी उभ्या होत्या. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं. मी वाचून दाखवलं, तशा त्या पदर तोंडाला लावून खाली बसल्या. मग म्हणाल्या, ‘मनात हुतं की वन्सं त्येंच्या. बघा तरी, किती येळा ल्हिलंय.’

‘किती वेळा लिहिलंय ते मोजलंय मी, वहिनी. तितक्या वेळा त्यानं ठरवलं, की आज नको.’

एकदा खोटं बोलणं मी समजू शकते. घाबरलेला माणूस बोलतो. पण दर रविवारी बसून, पेन्सिलीला टोक काढून, माझ्याच पद्धतीनं ते कागदावर उतरवायचं, आणि संध्याकाळी घरी जायचं... भेटायला आलेले लोक म्हणतात, जाऊ दे, गेलेल्या माणसावर काय रागवायचं. जिवंत होता तेव्हा मी स्वतःवर रागावण्यात गुंतले होते. माझी पाळी आत्ता आली आहे.

गाडी शेडमध्ये ताडपत्रीखाली आहे. भंगारवाला विचारून गेला, वहिनींनी माझ्याकडं बघितलं, मी नाही म्हटलं. मागच्या रविवारी माळ्यावरून ड्रॉइंग बोर्ड काढला आणि सांगाड्याच्या मागच्या भागाची मापं घेतली. एकदाच घेतली. हाताला घाम आला नाही.

त्याची शेवटची यादी माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे आणि दोन पिना तिच्यावर, डावी डावीकडं, उजवी उजवीकडं. यादीत सहा कामं आहेत. पाचांपुढं त्याच्या थरथरत्या खुणा आहेत. सगळ्यात वरच्यापुढं नाही. परवा नवरा म्हणाला, ‘आता कळलंय ना तुला? कर की खूण, संपव.’ मी पेन उचललंही होतं. पण ज्यानं काम केलं त्यानंच खूण करायची, हा नियम मी घातलेला आहे. मला सदानं सांगितलेलं नाही.