वाटेच्या देवाचा गूळ

लांबच्या डोंगरवाटेला कागदी नकाशा न्यावा का, असं मला अजूनही कुणीतरी विचारतं. न्यावा, एवढंच मी सांगते.

मोबाइल नुकते हातात आले होते, पण डोंगरात त्यांचा उपयोग घड्याळाएवढाच. श्रावणात हे आणि मी पन्हाळ्याहून विशाळगडाकडे चालत निघालो. नकाशा नेहमी माझ्या पिशवीत असायचा. त्या वर्षी यांनी तो काढून कपाटावर ठेवला. "वझं कशाला? तोंड हाय की विचारायला," म्हणाले. आणि विचारलंही. शेवटच्या वाडीतल्या माणसाने हात लांब करून सांगितलं, "हितंच हाय की पावणं, सरळ जावा." आमच्याकडच्या 'हितंच'ला अंतराचं बंधन नसतं, हे कोल्हापुरात जन्म काढलेल्या आम्हाला कळायला हवं होतं.

मसाईचं पठार मागे पडल्यावर धुकं उतरलं. वाटेला फाटे फुटले आणि विचारायला रानात चिटपाखरू नव्हतं. फिरून फिरून त्याच ओढ्याशी येत होतो. यांना मधुमेह, सकाळी इन्सुलिन घेतलेलं, बरोबरची बिस्किटं संपलेली. दुपारी हे घामाने भिजले, काहीबाही बरळू लागले. साखर उतरत होती. एका झाडाखाली शेंदूर फासलेला दगड होता, तिथे त्यांना टेकवलं आणि घसा फुटेस्तोवर हाका मारल्या. कुणी ओ दिली नाही. लहानपणापासून नृसिंहवाडीला जाणारी मी, पण त्या दिवशी दत्तमहाराजांना नाही नाही ते बोलले. माझा माणूस माझ्या मांडीवर जाणार, एवढंच दिसत होतं. प्रार्थना सुचली नाही. नुसती रडत बसले.

रडतानाच दगडाकडे नजर गेली. वाटेच्या देवाला झाडाचा टहाळा वाहून लोक पुढे जातात, तशा टहाळ्यांचा सुकलेला ढीग होता. वरचा एक मात्र हिरवागार, आणि त्याच्याखाली गुळाचा खडा. देवापुढचं उचलावं का, हा विचारही शिवला नाही. मुंग्या झटकून बारीक बारीक तुकडे यांच्या गालात सारत राहिले. बऱ्याच वेळाने यांनी डोळे उघडले. "रडतीस कशाला?" म्हणाले.

मग त्या धुक्यातून डोक्यावर इरलं घेतलेली एक बाई आली. आम्ही गूळ खाल्ला, हे मी आधीच सांगून टाकलं. तिने दगडाकडे पाहिलं, मग यांच्याकडे.

"म्हस चुकलीया माझी. घावू दे म्हणून ठेवलता," ती म्हणाली.

"मग आता?"

"आता काय? तुमी उठा आदी. देवाला पोचलं म्हणायचं."

म्हशीचा शोध टाकून तिने आम्हाला मलकापूरच्या रस्त्याला आणून सोडलं, जीपमध्ये बसवलं आणि परत रानात गेली. नाव विचारायचंही राहिलं.

पुढे काही वर्षांनी हे गेले. घरात, माझ्या शेजारी, दवाखाना हाकेच्या अंतरावर असताना. त्या दिवशीही मी हाका मारल्या आणि काहीच झालं नाही. पुष्कळ दिवस मी देवाशी बोलले नाही. एकदा आवराआवर करताना कपाटावरचा तो नकाशा हाती आला आणि त्या बाईची आठवण झाली. मधली ती वर्षं मी मागून मिळाली नव्हती. दुसऱ्याच कुणाच्या नवसातली ती आमच्या पदरात पडली होती, आणि आम्ही ती सुखाने जगलो.

आता नृसिंहवाडीला गेले की स्वतःसाठी काही मागत नाही. हात जोडून एवढंच विचारते, महाराज, तिची म्हैस सापडली का?