हमीदभाईंचा गालिचा आणि माझी दुरुस्ती

मी, सुदाम लक्ष्मण मेश्राम, वय वर्षे एकोणऐंशी, राहणार नागपूर. शाळा सातवीपर्यंत, पुढचे सर्व शिक्षण वाचनालयाच्या कपाटांतून. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे येणारा गाढवपणा अडाणीपणातून घडला, असे कोणी म्हणू नये!

कामठीचे माझे स्नेही हमीदभाई यांनी जन्मभर पॉवरलूम चालवला. त्यांच्या आजोबांनी एका फिरत्या पठाण व्यापाऱ्याकडून घेतलेला बलुची नमाजी गालिचा मी अभ्यासासाठी महिनाभर घरी आणला. उंटाच्या रंगाची जमीन, वर चौकोनी कमान, मधोमध पानांचे झाड! तंबूपुढे जमिनीवर माग मांडून बायकांनी मारलेली एकेक गाठ मी भिंगातून तपासली. चार वह्या भरल्या.

परत देण्यापूर्वी, सभ्यता म्हणून, तो लाँड्रीत धुवायला दिला. घरी आणून पसरला, तर काय? तीन ठिकाणी टक्कल! खाली दोन, वर कमानीत एक.

मी तसाच उलट पावली गेलो आणि गालिचा लाँड्रीवाल्यापुढे आपटला.

"हा तुमचा पराक्रम?"

"नाही जी! तुमी आनला तवाच तसा होता."

"मी याच्यावर चार वह्या लिहिल्या आहेत!"

"वह्या लिहिल्या, पन गालिचा पाह्यला का नाही?"

उद्धट! भर रस्त्यात त्याला लबाड म्हटले, ग्राहक मंचाची धमकी दिली. मग रफूगराकडून तिन्ही टकलांत जुळती लोकर भरून घेतली आणि शेअर ऑटोने ताठ मानेने कामठी गाठली.

हमीदभाईंनी गालिच्यावरून हात फिरवला. पुन्हा फिरवला.

"मेश्रामजी, दादाजानचे गुडघे कुठी गेले?"

"कोणाचे गुडघे?"

"इथी दोन गुडघे, इथी कपाळ! आधी दादाजानचं, मंग अब्बाचं, आता माह्यं. तीन पिढ्यांनी घासलं ते तुमी काहून बुजवलं गा?"

आयुष्यात प्रथमच त्यांनी माझ्यावर आवाज चढवला होता. माझ्या वह्यांत कमान होती, पाने होती, गाठी होत्या. त्यावर माणूस गुडघे टेकतो, ही नोंद कुठेच नव्हती! राग अजून धुमसत होता, पण काढायला माझ्याखेरीज कोणी उरले नव्हते.

रफूचे टाके आम्ही दोघांनी बसून उसवले. लाँड्रीवाल्याची मी भर रस्त्यातच क्षमा मागितली. तेव्हापासून गालिचा मला घरी न्यायला मिळत नाही. कामठीला जाऊन हमीदभाईंसमोर बसून पाहावा लागतो. आणि भिंग बाहेर ठेवावे लागते, चपलांशेजारी.