भिजवलेला डफ

डफ मीच भिजवला. पाण्याने भरलेली झारी, भर दुपारी, सगळ्यांसमोर. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून तुम्ही मला भोळा, भित्रा किंवा खोटारडा म्हणाल. भित्रा होतो. बाकीचे दोन नाही.

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. गिरगावात आमच्या घरी कोणी भुताखेताचं काढलं की मी उठून गॅलरीत जायचो. आजही मी याला भूत म्हणत नाही. काय म्हणायचं ते माहीत नाही... पण ऐकलं ते ऐकलं.

मी भायखळ्याच्या बागेत सुपरवायझर आहे. हाताखाली अठरा माळी. थंडी सरताना बागेत फुलांचं प्रदर्शन भरतं, आणि शेवटच्या रविवारी दुपारी चार वाजता बँडस्टँडवर माळ्यांना अर्धा तास मिळतो. दरवर्षी भजन व्हायचं. यंदा काशिनाथने पोवाडा बसवला — संयुक्त महाराष्ट्राचा. काशिनाथ आमच्याकडे नेच्यांच्या वाफ्यांवर असतो, परळच्या चाळीत राहतो. त्याच्या घरचे सगळे अलीकडेच बौद्ध झाले.

आमच्या मोठ्या साहेबांनी मला आधीच बजावलं होतं, "बागेत राजकारण नको." मी कार्यक्रमाच्या यादीत 'भजन' लिहून मोकळा झालो आणि काशिनाथला काही बोललोच नाही. म्हटलं, वेळेवर बघू.

वेळ आली ती साडेतीनला. गोरखचिंचेच्या झाडामागे धूर दिसला म्हणून गेलो, तर काशिनाथ वाळका पाला पेटवून त्यावर डफ शेकत होता. कातडं तापून ताणलं गेल्याशिवाय डफ बोलत नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण बागेत जाळ करायला बंदी आहे, आणि मला तेवढं निमित्त पुरलं.

"काय चाललंय रे? विझव आधी."

"दोनच मिनिटं, साहेब. चढत आलाय."

"पोवाडा-बिवाडा काही होणार नाही. भजन म्हणा."

"भजन सखाराम म्हणेल की. त्याला तेवढंच येतं."

"माका गजाली पण येतत," सखाराम म्हणाला. तोही आमचाच माळी, मालवणकडचा; गजाली म्हणजे गप्पाटप्पा. सगळे हसले. मला वाटलं, मलाच हसले. आणि मी बोललो —

"बौद्ध झालात, तरी कातडं सुटेना होय रे?"

हसणं बंद झालं. काशिनाथ उभा राहिला.

"नाही सुटत, साहेब. तुमच्या भजनाच्या मृदंगालाही तेच लागतं."

माझ्या हाताशी पाण्याने भरलेली झारी होती. जाळ विझवतोय असं दाखवत मी ती डफावर रिकामी केली. डफ त्याच्या वडिलांचा होता, हेही मला माहीत होतं. मग तो उचलून अवजारांच्या खोलीत खिळ्याला टांगला, कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली.

चार वाजता साहेब पहिल्या रांगेत येऊन बसले. मी 'भजन' पुकारलं. काशिनाथ रिकाम्या हातांनी बँडस्टँडवर चढला. साथीला एक तुणतुणं, बस. आणि त्याने सरळ पोवाडाच उचलला. पहिली ओळ संपली... आणि डफावर थाप पडली.

कडक थाप. तापलेल्या कातड्याची. लोकांच्या माना वळल्या. आवाज मागून येत होता, अवजारांच्या खोलीकडून, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी नेमका पडत होता. काशिनाथही दचकला. पण थांबला नाही. उलट त्याने आवाज चढवला.

मी धावलो, माझ्यामागे सखाराम. कुलूप जसंच्या तसं. दार उघडलं. डफ खिळ्यालाच होता, खाली फरशीवर पाणी साचलेलं, कातडं भिजल्या पापडासारखं लोंबलेलं. आणि तो वाजत होता. बंद करायला म्हणून मी त्यावर पंजा दाबला. कातडं थंड, मऊ, बोटं रुतली. तरी पलीकडून माझ्या तळहातावर थाप बसतच राहिली. डफाच्या पलीकडे काय असतं? काही नाही. भिंत होती.

"सायबांनू, हात काढा," सखाराम हळूच म्हणाला. "वाजांदे तेका."

मी हात काढला. पोवाडा संपला तेव्हाच तो थांबला.

गिरगावातला माझा एक मित्र म्हणतो, प्रतिध्वनी असेल. प्रतिध्वनी! मग मूळ आवाज कुठला ते सांग म्हणावं. दुसरा म्हणतो, तुझं मन तुला खात होतं. खात होतंच. पण मग सखारामने काय ऐकलं? आणि साहेब नंतर मला "तो डफवाला कोण?" असं का विचारत होते? नंतर तो डफ दोन दिवस उन्हात ठेवला, तेव्हा कुठे जरा आवाज निघाला. मला याचं उत्तर मिळालेलं नाही. तुमच्याकडे असेल तर कळवा. नुसती चेष्टाच करायची असेल तर बागेत येऊन माझ्या तोंडावर करा.

साहेबांनी लेखी खुलासा मागितला. मी लिहून दिलं — 'भजन' ही नोंद खोटी होती आणि ती मी केली. पोवाडा चांगला झाला. पुढे काय करायचं ते त्यांनी ठरवावं.

पण त्याहून अवघड काम राहिलं होतं. सोमवारी संध्याकाळी परळला काशिनाथच्या खोलीवर गेलो. त्याने बसायला सांगितलं, त्याच्या बायकोने चहा दिला. मी तोंड उघडलं तसा तो म्हणाला, "इथे नको, साहेब. बोललात ते चारचौघांत."

बरोबर होतं त्याचं. मंगळवारी सकाळी हजेरीला अठराच्या अठरा माळी उभे होते. मी पुढे झालो आणि बोललो.

"काशिनाथराव, परवा मी पाणी ओतलं ते जाळ विझवायला नाही. तुम्ही माझ्या बरोबरीने बोललात, ते मला सोसलं नाही. तुमच्या धर्माला मी हिणवलं, तुमच्या वडिलांच्या वस्तूची नासाडी केली. नीचपणा केला. मी तुमची माफी मागतो."