बारा दिवसांचं पाणी

मोहर्लीच्या अलीकडे एका लहान गावात बायनाबाई राहते. वाघ पाहायला निघालेल्या जिप्सी गाड्या तिच्या दारावरून जातात. तिने स्वतः वाघ तीनदा पाहिला, तिन्ही वेळा सरपणाला गेली असताना, पण ती गोष्ट ती कोणाला सांगत बसत नाही. गावात तिचं नाव आहे ते दुसऱ्याच कामासाठी. कोणाची लेक किंवा सून दवाखान्यातून बाळ घेऊन आली, की बायनाबाईला निरोप जाई. बाळंतिणीचं अंग चोळायचं, शेक द्यायचा, बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालायचं. बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली, तरी नंतरचे बारा दिवस बायनाबाईचेच राहिले.

त्या बारा दिवसांत तिचा नियम कडक. ओवा घालून उकळलेलं पाणी, सकाळी एक पेला आणि संध्याकाळी एक. पालेभाजी नाही, फळ नाही. भात, लसणाची चटणी, सुंठ-डिंकाचा लाडू. "पाणी पेली का पोट सुटते, अन् लेकराले सर्दी होते," असं ती सांगे. तिला हे तिच्या सासूने सांगितलं होतं आणि तिने ते आधी स्वतःच्या अंगावर काढलं होतं.

अंगावर काढलं म्हणजे काय, ते मात्र कोणाला ठाऊक नव्हतं. स्वतःच्या बाळंतपणापासून तिला मूळव्याध होती. ती कधी सरळ बसत नसे, एका मांडीवर कलून बसे. नवरा, गुलाब, चार लोकांत म्हणे, "आमची बाई सरपंचावानी तिरपी बसते." तीही हसे. गुलाब गेला, त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. बाईच्या जन्माला हे असतंच, एवढंच तिला वाटायचं.

हर्षा तिची एकुलती लेक. ती घुग्घुसला दिली होती. जावई अश्वजित कोळशाच्या खाणीत पाळीवर जाई. सातव्या महिन्यात हर्षाची संडासची जागा खाजू लागली, मग दुखू लागली, मग रक्त दिसलं. रक्तवाढीच्या गोळ्यांनी संडास दगडासारखी होते म्हणून तिने गोळ्या बंद केल्या आणि उरलेल्या पेटीत लपवून ठेवल्या. सासू विचारी, "घेतली का गोळी?" ती म्हणे, "घेतली." हे सगळं बायनाबाईला फार उशिरा कळलं.

श्रावणात हर्षा माहेरी आली. दवाखान्यात मुलगी झाली, तिसऱ्या दिवशी मायलेकी घरी आल्या. स्वतःच्या लेकीचे बारा दिवस. बायनाबाईने त्यात काही कसर ठेवली नाही.

चौथ्या दिवशी हर्षा म्हणाली, "माय, मले दुखते."

"कुठी?"

हर्षा भिंतीकडे पाहत राहिली. "बसाच्या जागी."

"बाळंतीण झाली तू, जत्रेतून नाई आली. दुखतेच."

हर्षाने पुन्हा विषय काढला नाही. तिचं खाणं कमी झालं. कपड्यावर रक्त जास्त दिसे. बायनाबाईने ते बाळंतपणाचंच धरलं. घाण निघून राह्यली, चांगलं आहे, असं म्हणून तिने आणखी एक लाडू पुढे केला.

आठव्या दिवशी न्हाणीत ती टॉवेल घ्यायला वळली. मागे पाहते तर हर्षा आंघोळीच्या बादलीतलं कढत पाणी ओंजळीने पीत होती. बायनाबाईने तिच्या हातावर फटका मारला. पाणी सांडलं.

"लहान लेकरू आहे का तू?"

हर्षा रडली नाही. हळूच म्हणाली, "भात मी खात नाई माय, मंग संडासले जा लागते. पाणी तरी पिऊ दे."

बायनाबाईने ते ऐकलं आणि पुढचा लोटा तिच्या पाठीवर ओतला.

दहाव्या दिवशी हर्षा संडासच्या दारात चक्कर येऊन पडली. दवाखान्यात तपासलं तेव्हा अंगात रक्त सहाच भरलं. दोन पिशव्या चढवाव्या लागल्या. सलीमा नावाची सिस्टर होती, पन्नाशीची, थोडकं बोलणारी. तिने बायनाबाईला आत बोलावलं.

"मावशी, पाणी किती पीत होती ही?"

"दोन पेले."

"तासाला?"

"दिवसाले."

 सिस्टरने स्टूल पुढे सरकवलं. बायनाबाई नेहमीसारखी एका अंगावर बसली, ते सिस्टरने पाहिलं आणि बोलताना आवाज उतरवला.

"पोटातल्या बाळाचा भार पडते ना मावशी, तर खालच्या शिरा फुगतात. त्यात संडास घट्ट, अन् बाळंतपणात जोर लावलेला. लई बायांना होते. संडास नरम राहिली तर पुष्कळजणींचं महिन्या-दीड महिन्यात बसूनही जाते. पण पाणी पाहिजे. दूध पाजणारीला तर जास्तच पाहिजे. पालेभाजी पाहिजे. कुंथायचं नाई, आली तर रोखायची नाई. कोमट पाण्याच्या टबात दिवसातून दोन-तीनदा बसायचं. गोळी सोसत नसेल तर आम्हाला सांगायचं, बदलून देतो. लपवायची नाई. मलम आम्ही देऊ तेच, घरचं काही लावायचं नाई. अन् रक्त अंगावरचं का संडासचं, हे घरी ठरवायचं नाई. दाखवायचं."

बायनाबाई ऐकत होती.

"तुमच्याकडे तरोट्याची भाजी नाई का भेटत या दिवसांत?"

"भेटते. दारातच उगवते," बायनाबाई म्हणाली. "मीच देल्ली नाई."

"अन् तुम्हाला किती वर्षं झाले?" सिस्टरने विचारलं.

बायनाबाई उठली. "हर्षाचं पाहा तुम्ही," म्हणाली, आणि बाहेर जाऊन उभी राहिली.

हर्षाला उठून बसायला महिना लागला. दूध आटलं ते नीट आलंच नाही. मुलगी वरच्या दुधावर वाढली. अश्वजित येऊन दोघींना घेऊन गेला. तो वाईट बोलला नाही.

त्यानंतर बायनाबाई शेजारच्या कमळाकडे गेली. कमळाची दोन्ही बाळंतपणं तिने काढली होती. तिने विचारलं, "त्या टायमाले तुले त्रास झाला होता का वो?"

कमळा तांदूळ निवडत होती. "मावशी, तुमच्या बारा दिवसांत मले सपनातबी विहीर दिसे," ती हसून म्हणाली. मग हसणं थांबवून सुपाकडे पाहत म्हणाली, "अजूनबी रक्त पडते कधीमधी. कोणाले सांगाव?"

"मले सांगाव होतं."

"तुमालेच तं सांगितलं होतं."

बायनाबाईने तिला सलीमा सिस्टरकडे नेलं. पुढे ज्या घरात गेली तिथे आधी पाण्याचा तांब्या बाळंतिणीच्या उशाशी ठेवू लागली. म्हाताऱ्या कुरकुरल्या, "बायना बिघडली." काही घरांनी बोलावणं बंद केलं. तिने हरकत घेतली नाही. तिचं लक्ष एकाच गोष्टीकडे होतं. हर्षाला पुन्हा दिवस जातील, ती पुन्हा इथेच येईल, आणि या वेळी काही चुकणार नाही.

अडीच वर्षांनी हर्षाला दिवस गेले. बायनाबाईने खोली सारवली, न्हाणीला नवा पत्रा घातला. सातव्या महिन्यात तिने फोन केला.

"कधी येतं? अश्वजितले सुट्टी नसन तर मी येतो घ्याले."

पलीकडून रस्त्यावरच्या ट्रकांचा आवाज येत होता.

"माय, यंदा मी इथीच राह्यतो."

"काऊन? आता मी पाणी देतो. सिस्टरले इचार."

"ठाऊक आहे मले. तू वाईट नाई, माय." हर्षा म्हणाली. "पण तुझ्या हाताचं भेव वाटते मले. मनातून जात नाई."

"बरं," बायनाबाई म्हणाली.

मुलगा झाल्यावर सहाव्या दिवशी ती दोन बस बदलून घुग्घुसला गेली. हर्षा खाटेवर होती, चेहऱ्यावर रंग होता. सासूने सुनेला ताटात भाजी वाढली, पेला भरला, रिकामा झाल्यावर पुन्हा भरला. बायनाबाईला चहा दिला. "बसा ना इवाईनबाई, खुर्चीवर बसा," म्हणाली. बायनाबाईने नातवाला मांडीवर घेतलं. हर्षा प्रेमाने बोलली, गावातल्या एकेकीची चौकशी केली. आंघोळीची वेळ झाली तेव्हा मात्र तिने सासूला हाक मारली.

तीन वाजता अश्वजितने मोटारसायकल काढली. "मामी, चारची बस भेटन. सोडून देतो."

बायनाबाई म्हणाली, "हो, चाल."

त्याने कोपऱ्यातली तिची पिशवी उचलली आणि हात खाली गेला. "लई जड आहे वो. काय आहे यात?"

"काई नाई," ती म्हणाली. "लुगडी आहेत. जास्तच आणली."