माझ्या काकडीच्या वेलाचा गुन्हेगार

मित्रांनो, सकाळपासून डोकं चालून न्हाई राह्यलं. तुम्हीच सांगा आता.

आमच्या गच्चीवर उन्हाळाभर वांगी, टमाटे, मिरच्या घरच्याच. पण काकडीचा वेल फसवत होता. बोटभर काकडी दिसायची आणि पिवळी पडून गळायची. मी शेणखत घातलं, वरून हिरवी जाळी बांधली. नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, तरी वेलाची बादली कधी चुकवली न्हाई.

आज जरा लवकर वर गेल्तो. पाह्यलं तर माझी माय वेलापाशी बसून एकेक नर फूल खुडून राह्यली होती!

"माय, हे काय?"

"नर फुलं काढून राह्यले. एक जरी राह्यलं तरी साहेब प्लॉट नापास करतो."

माय वीस वर्षं बियाण्याच्या प्लॉटवर कामाला होती. तिथं नर फुलं काढतात, अन् दुसऱ्या ओळीतल्या फुलांचे पराग हातानं लावतात. आमच्या गच्चीवर दुसरी ओळ कुठंय? मंग काकडी धरणार कशी?

सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिनं ओंजळ पुढं केली. "बघ, एकबी सुटलं न्हाई."

गुडघ्यांमुळं खाटेवरून न उठणारी माझी माय रोज पहाटे अठरा पायऱ्या चढून येते, हे मला आज कळलं.

"बराबर केलं माय," म्हणलो, अन् बाजारातून अर्धा किलो काकडी आणली.

चुकलं का माझं?