रंगाने बुजलेली भोकं

"सरी, आता खरं सांगा."

अशिलाची हकिकत संपली की आमचे सर चष्मा कपाळावर चढवून एवढंच म्हणायचे. समोरचा गडबडायचा. आत्तापर्यंत आपण काय सांगत होतो, असा त्याचा चेहरा व्हायचा.

कामगाराला अपघात झाला आणि त्याने मालकावर गंभीर हलगर्जीपणाचा आरोप करून भरपाई मागितली, की मालक आमच्या चिकपेटेतल्या ऑफिसचा जिना चढायचे. सर मालकांचे वकील. घराणं चार पिढ्या बंगळूरचं, मराठीत कन्नड मिसळलेलं; 'बरं' म्हणायच्या जागी कन्नड 'सरी' यायचं. मी नवऱ्याच्या नोकरीमागे पुण्याहून आलेली त्यांची ज्युनिअर. मला ते 'अक्का' म्हणत, पण मी काढलेलं टाचण फाइलशी ताडून बघितल्याशिवाय राहत नसत. शहाळेवाल्याने "गोड आहे" म्हटलं तर विचारत, "कुणी पिऊन बघितलं?"

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. सोबत असताना त्यांचा वैताग येतो. सरांना जाऊन दोन वर्षं झाली, आणि आता मीच प्रत्येक कागदाकडे संशयाने बघते.

एकदा पत्र्याचे डबे बनवणारा एक कारखानदार आला. त्याच्याकडच्या प्रेस यंत्रात एका बाईची उजव्या हाताची चार बोटं गेली होती. तिचं म्हणणं, माल भराभर निघावा म्हणून मालकानेच यंत्राची संरक्षक जाळी काढून टाकली होती.

"जाळी तिनेच काढली, साहेब. दोघांनी बघितलंय," मालक म्हणाला. हे सिद्ध झालं असतं तर बाईला काहीच मिळालं नसतं.

मला केस सोपी वाटली. तो गेल्यावर सर म्हणाले, "त्या दोघांना पगार कोण देतं?"

दुसऱ्या दिवशी आम्ही देवनहळ्ळीजवळच्या त्याच्या शेडमध्ये गेलो. सर पँटची पर्वा न करता यंत्रापुढे गुडघ्यांवर बसले. जाळीचे बोल्ट बसायची चारही भोकं हिरव्या रंगाने बुजली होती.

"रंग कधी दिलात?"

"आयुधपूजेला, दसऱ्यात. दरवर्षी देतो."

"आणि बाई कामावर कधी लागली?"

मालकाने हजेरीबुक पुढे केलं. ती त्यानंतर तीन-चार महिन्यांनी, संक्रांत झाल्यावर लागली होती. रंग दिला तेव्हाच जाळी जागेवर नव्हती.

"हा बचाव मी मांडणार नाही," सर उठत म्हणाले. "तिची मागणी मान्य करा, नाहीतर दुसरा वकील बघा."

गाडीत मी म्हणाले, "सर, ती भोकं कोर्टात कुणी बघितली नसती."

"मी बघितली ना, अक्का."

मालक तणतणत गेला आणि आठवड्याने मागणी मान्य करायला परत आला. दोनपैकी एक साक्षीदार खोटं बोलायला तयार नव्हता.

कामगार आयुक्तांच्या ऑफिसात मान्यतेचा कागद तयार झाला. बाई सही करेना. तिने आपल्या वकिलाकडून तो दोनदा वाचून घेतला आणि सरांकडे बोट दाखवून कन्नडमध्ये विचारलं, "मालकाचा माणूस एवढा सरळ का वागतोय? यात काय लपवलंय?"

मला राग आला. भोकांचं सांगून टाकावंसं वाटलं, पण अशिलाची गोष्ट बाहेर सांगता येत नाही. सर मला हळूच म्हणाले, "विचारू दे. तिच्या जागी मीही विचारलं असतं."

तिने तिसऱ्यांदा वाचून घेतलं. मग पेन डाव्या हातात धरलं. कागद सारखा सरकत होता. सर खुर्ची पुढे ओढून बसले आणि त्यांनी कागदाचा कोपरा दोन बोटांनी दाबून धरला. तिने एकदा त्यांच्याकडे रोखून बघितलं आणि वेडंवाकडं एकेक अक्षर काढायला सुरुवात केली.